सानवी, कागद, दहा किलो तीनशे पन्नास

सानवीला त्या काट्यावर मीच उभी केली. हे आधीच सांगते, कारण नंतर सगळ्यांनी अंगणवाडीच्या विमलाबाईंना बोल लावला.

आमचा गाव गणपतीपुळ्याच्या अलीकडे, कातळाच्या उघड्या सड्यावर. देवाला येणारे लोक पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या गाडीतून बाहेर टाकतात आणि वाऱ्याबरोबर त्या आमच्या काजूंच्या झाडांत येऊन अडकतात. म्हणून आमच्या ग्रामपंचायतीला सुक्या कचऱ्याचं हस्तांतरण केंद्र मंजूर झालं. सहा गावांचा सुका कचरा इथे आणायचा, त्याचं वजन करायचं आणि ट्रकने जिल्ह्याच्या मोठ्या केंद्रावर पाठवायचा. तिथे तो यंत्रात दाबून त्याचे गठ्ठे बांधतात.

पैसे टप्प्याटप्प्याने येणार होते. पहिल्या टप्प्यात वजनकाटा आला. शेड दुसऱ्या टप्प्यात होती, आणि केंद्र चालू आहे असं पोर्टलवर दिसल्याशिवाय दुसरा टप्पा मिळणार नव्हता. केंद्र चालू दिसायचं तर काट्यावर वजन व्हायला हवं. वजनाला कचरा हवा. शेड नसताना कचरा आणून उघड्यावर ठेवला तर मंजुरी रद्द. आमचे ग्रामसेवक ऋत्विक भाऊसाहेब हे सगळं ग्रामसभेत समजावून सांगत होते आणि लोक माना डोलवत होते. मग सुरुवात कुठून करायची, असं मी विचारलं. प्रश्न चांगला आहे, वर कळवतो, म्हणाले.

तोवर काटा ठेवला अंगणवाडीत. ग्रामपंचायतीची कुलूप लागणारी आणि वीज असलेली तेवढीच एक खोली.

सानवी अडीच वर्षांची. डॉक्टरांकडच्या वाढीच्या तक्त्यात तिची रेघ कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात चालते, आणि मी त्या रेघेकडे जितकं बघते तितकं मी कॉलेजात कुठल्याच आलेखाकडे बघितलं नसेन. तिचे बाबा, सागर, बोटीवर असतात. फोन आला की पहिला प्रश्न, किती भरली. पण अंगणवाडीचा जुना काटा दीड किलो जास्त दाखवायचा. त्याच्यावर आमची सगळीच मुलं गुटगुटीत होती. नवा काटा पन्नास ग्रॅमचाही फरक दाखवतो हे कळल्यावर मला राहवेना. विमलाबाईंना म्हटलं, एकदाच हिला यावर बघूया ना.

"बघ गो बाय. काटा काय आपल्याला खातोय?"

काट्याने आधी प्रकार विचारला. प्लास्टिक, कागद, काच, पत्रा. यातलं काहीतरी दाबल्याशिवाय आकडा येत नव्हता. विमलाबाईंनी विचार करून कागद दाबला, त्यातल्या त्यात बरा म्हणून. दहा किलो तीनशे पन्नास. बाजूच्या फटीतून नंबराचं स्टिकर बाहेर आलं. सानवीला ते फार आवडलं, तिने फ्रॉकवर लावून घेतलं. मग बाकीची पोरं रडायला लागली. तासाभरात एकोणीसच्या एकोणीस मुलांची वजनं झाली, स्टिकरं लागली. सरपंच यमुनाबाईंचा नातू भिकाजी अंगाने जाड, त्याला पत्र्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब पेढे घेऊन आले. काट्यात सिमकार्ड होतं. आमचं केंद्र पोर्टलवर हिरवं झालं होतं, तालुक्यात पहिलं. एकोणीस नग, दोनशे पंधरा किलो, वर्गीकरण उत्तम.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की अहो, ती मुलं आहेत. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की एकदा चढलेली नोंद काढायची सोय पोर्टलवर नाही, माल पुढे गेला की ती आपोआप उतरते. मी म्हटलं, पुढे म्हणजे कुठे? तर त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

महिना असा गेला की मी अंगणवाडीच्या पडवीतून हललेच नाही. सागरना मी फोनवर काय सांगणार होते? वजन बरोबर आहे, म्हटलं. यमुनाबाई मला समजवायच्या. शेड झाली की बाटल्या काजूंतून निघतील, चार बायांना काम लागेल, तू शिकलेली आहेस, असा हट्ट तुला शोभत नाही. बाकीच्या आयांना पहिले आठ दिवस काळजी वाटली, मग त्यांना सवय झाली. एकमेकींना विचारायच्या, तुझा काच ना गो?

तिसाव्या दिवशी सकाळी ट्रक आला. नियमच होता, तीस दिवसांच्या आत माल पुढे गेला पाहिजे.

ड्रायव्हर लवूदादा बुरोंडीकडचे, सभ्य मनुष्य. मागच्या हौद्यात त्यांनी घरची गादी अंथरून आणली होती. लहान पोरं आहेत असं कानावर आलं, म्हणाले, खड्डे फार आहेत रस्त्याला. हातात एकोणीस नगांचं चलन. भाऊसाहेबांनी एकेक नंबर वाचायला सुरुवात केली. भिकाजीला यमुनाबाईंनी स्वतः उचलून वर ठेवला, गावाला उदाहरण म्हणून. ट्रकमध्ये बसायला मिळतंय म्हटल्यावर पोरं रांगेत ढकलाढकली करायला लागली. सानवी पाचवी होती.

मी भाऊसाहेबांचा हात धरला.

"हे परत कधी येणार?"

"ताई, फक्त नोंदीपुरतं जायचंय. तिथे उतरले की बघू."

"बघू म्हणजे?"

"तिकडून इकडे माल आणायची तरतूद अजून नाहीये. प्रस्ताव पाठवलाय मी."

तिसरा नग चढला. मी लवूदादांच्या हातातलं चलन ओढून घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. ओळी दोनदा वाचाव्या लागत होत्या. पंधरा अटी होत्या. अकरावी अट: ओला माल स्वीकारला जाणार नाही. असा माल उत्पादकाच्या ताब्यात परत देऊन पोच घ्यावी.

चौथा चढला. लवूदादा सानवीसाठी खाली वाकले.

पडवीत पाय धुवायची बादली होती. मी ती उचलली आणि माझ्या पोरीच्या डोक्यावर ओतली.

सानवीचा श्वासच अडकला, मग ती अशी रडली की ट्रकमधली चौघंही वाकून बघायला लागली. लवूदादांनी तिच्या फ्रॉकला बोट लावलं. बोट चोळून बघितलं.

"हा नग ओला आहे, भाऊसाहेब."

"अहो, पुसून घ्या ना."

"आतपर्यंत गेलंय. मशीन बिघडलं तर मी नाय जबाबदार."

त्यांनी खिशातून पोचपुस्तक काढलं. एका रकान्यात लिहिलं होतं, उत्पादकाची सही. मी सही केली. त्यांनी नाव वाचलं आणि जरा संकोचून विचारलं, एकट्याच का? दुसरे बोटीवर असतात, म्हटलं. चालतं, म्हणाले, एकाची पुरते.

तेवढ्यात मागे नळ सोडल्याचा आवाज आला. विमलाबाईंनी तांब्या भरला होता. त्या ट्रकपाशी गेल्या आणि चारही मुलांवर ओतून आल्या. मग आयांची नळाशी रांग लागली. यमुनाबाई शेवटपर्यंत उभ्या होत्या. भिकाजीने वरून हात पुढे केले तेव्हा त्याही आल्या आणि सहीच्या रकान्यात उत्पादकाची आजी असं लिहून सही केली.

भाऊसाहेब पायरीवर बसले होते. कुणीतरी त्यांनाही पाणी दिलं, प्यायला.

जाताना लवूदादांनी मला पोच दाखवली. तळाशी शिक्का होता, माल वाळल्यावर पुन्हा सादर करावा. तारीख नव्हती. अधूनमधून फेरी असते आमची, म्हणाले, या बाजूला आलो की बघून जाईन.

तेव्हापासून घरातून निघताना मी सानवीचा फ्रॉक भिजवते. थंडी आहे, तिला सर्दी झालीय, वजन शंभर ग्रॅमने उतरलंय. डॉक्टर म्हणतात, मुलीला कोरडी ठेवा. मी हो म्हणते. मग अंगणवाडीच्या वाटेवर ट्रकच्या आवाजाकडे कान लावून चालते, आणि वळणावर थांबून तिची बाही दाबून बघते, पाणी निघतंय ना.

काल सागरनी व्हिडिओ कॉलवर तिला बघितलं. ही अशी ओली का गो, विचारलं. मी म्हटलं, माझ्या सहीवर घरी आहे ती. तुम्ही आलात की तुमचीही करून घेऊ.