वाकडा मांडव

आश्विन सरत आला आणि आभाळ निवळले. चार महिने जलभाराने वाकलेले, काळवंडलेले, करवादलेले ते आभाळ आता नीलनिर्मळ झाले. भाताची खाचरे सुवर्णपीत झाली, पोफळींच्या उंच, कृश, हरितशीर्ष रांगांतून सकाळचा प्रकाश झिरपू लागला. पहाटवाऱ्याला गारव्याची पहिली, पातळशी धार आली. हेमंत वेशीपाशी येऊन उभा होता, आणि कोकणातल्या त्या लहानशा गावात घरोघर अंगण करायची घाई उडाली.

अंगण करणे म्हणजे काय, हे ज्याची कंबर मोडते त्यालाच ठाऊक. पावसाने पोसलेले शेवाळ खरवडायचे. ताजी लाल माती ओतायची, ओलवायची, चोपण्याने चोपचोप चोपायची. शेणाने सारवायची. ओटीवर पावसाला आडोसा म्हणून बांधलेल्या झावळ्यांच्या झडी सोडायच्या, सरपण रचायचे, आणि सगळ्यात शेवटी अंगणावर मांडव घालायचा. दिवाळीआधी हे सारे झाले नाही, तर गाव तोंडावर काही बोलत नाही, पण पाठीमागे बोलल्यावाचून राहतही नाही.

सुभद्राने यंदा ते एकटीने आरंभले. बारा वर्षांपूर्वी एका दुष्ट तापाने तिच्या बोटांची पेरे धरली होती. गारठा आला की ती बोटे आखडत, दुखत, ठणकत. तरी तिने चोपणे उचलले. माती चोपली, अंगण सारवले आणि दर चार हातांनी मागे वळून ओटीकडे पाहिले.

ओटीवर लाकडी खुर्चीत गुणाजी बसला होता. तिचा नवरा. श्रावणातल्या एका सकाळी त्याचे उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. बोलघेवडा, खोडकर, हजरजबाबी गुणाजी! शब्दाला शब्द आणि वर दोन शब्द देणारा. त्याच्या साऱ्या शब्दसंपदेतून एकच स्वर मागे उरला होता. 'ऊ'. भूक लागली तरी ऊ, पाणी हवे तरी ऊ. सुभद्राला त्याचे औषधपाणी जड नव्हते, उचलणे-बसवणे जड नव्हते. जड होती ती घरातली शांतता. तिला त्याचे बोलणे हवे होते, मग ते भांडण असले तरी चालले असते.

आणि भांडणाला त्या घरात एक हक्काचे, वार्षिक, ठेवणीतले कारण होते: मांडव.

साऱ्या गावाचे मांडव चौकोनी, चोख, चारचौघांसारखे. गुणाजीचा मात्र आग्नेयेकडचा कोपरा तुटका. तिथला खांब तो ओळ सोडून चार हात आत रोवायचा, आणि मांडवाचे झावळ्यांचे छत त्या बाजूला तिरके कापल्यासारखे दिसायचे. येणारेजाणारे विचारत, "काय गुणाजी, मांडवाचा कान उंदराने खाल्ला की काय?" सुभद्राला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. ती म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडे, असं लोकांचं असतं. आमच्याकडे अंगण सरळ आणि मांडवच वाकडा!" त्यावर तो मिशीत हसायचा. "असू दे गं, मला असाच बरा वाटतो." बारा वर्षे तिने तोच टोला मारला, आणि बारा वर्षे त्याने तोच परतवला.

यंदा मांडव घालायला शेजारचा नथू आला. पोफळीचे खांब खांद्यावरून उतरवून, पहार टेकून त्याने विचारले, "वहिनी, कोपऱ्यातला खांब कुठे रोवू? दादाच्या जुन्या जागी, की ओळीत?"

सुभद्रा ओटीकडे तोंड करून, मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "ओळीत घाल बाबा. एकदा तरी माणसांसारखा मांडव होऊ दे."

मनातून तिला सरळ मांडव नकोच होता. तिला हवे होते ते उत्तर. एखादी ठिणगी पडावी, त्या निजलेल्या जिभेने डिवचल्यासारखे उठावे, आणि असू दे गं म्हणावे. एवढीच, वेडी, उघडीवाघडी आस.

गुणाजी खरेच डिवचला गेला. खुर्चीत कासावीस झाला. "ऊ… ऊ…" त्याने डावा, थरथरता हात उंच उचलला, पूर्वेकडे नेऊ पाहिला, आणि तो थकून त्याच्याच मस्तकावर पडला.

"उशी हवी?" तिने उशी आणली. त्याने मान हलवली. "ऊ… ऊ…" पुन्हा हात वर गेला, पुन्हा डोक्यावर पडला.

"अगंबाई, ऊ झाली वाटतं डोक्यात," ती म्हणाली, आणि फणी घेऊन त्याच्यामागे बसली. भर दुपारी, सारवलेल्या अंगणाकडे तोंड करून, त्या शुभ्र, विरळ केसांतून ती कितीतरी वेळ शोधत राहिली. एकही ऊ सापडली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. फणी लागली असेल, असे समजून तिने त्याचे डोके हलकेच चोळले. तिकडे खांब रोवले गेले, आडवे वासे बांधले गेले, झावळ्या पसरल्या गेल्या. संध्याकाळपर्यंत मांडव चौकोनी, चोख, चारचौघांसारखा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंव पडले होते. नेहमीसारखी सुभद्रा सुपात तांदूळ घेऊन पायरीवर बसली. तिची ही रोजची जागा. हिवाळाभर इथेच बसायचे, निवडायचे, टिपायचे, आणि हळूहळू बोटे मोकळी व्हायची. ती का होतात, हे तिने कधी स्वतःला विचारले नव्हते.

पोफळींवर सूर्य आला. प्रकाश मांडवाखालून आत शिरला, अंगणभर सरकत सरकत पुढे आला, आणि पायरीपासून दोन हातांवर थांबला. त्यापुढे मांडवाची सावली होती. गार, गडद, सरळ काठाची सावली. सुभद्रा थांबली. आणखी थांबली. उजेड पुढे येईना, उलट मागे सरू लागला. बोटे आखडलेलीच राहिली, आणि चिमटीत एक खडादेखील धरवेना.

तिने कोपऱ्यातल्या त्या सरळ खांबाकडे पाहिले. मग पायरीकडे. मग आपल्या बोटांकडे. ज्या वर्षी ही बोटे धरली, त्याच वर्षी मांडव वाकडा झाला होता.

ती वळली. ओटीवरून गुणाजी त्या थांबलेल्या उजेडाकडेच पाहत होता.

"ऊ," तो म्हणाला.

"ऊन," सुभद्रा म्हणाली. "ऊन म्हणत होतात तुम्ही. आणि मी मेली उवा शोधत बसले."

ती रडली. पदर तोंडाशी न नेता, मोकळी रडली. बारा वर्षे हा माणूस गावाचे हसू सोसत राहिला आणि तिचे टोमणे सोसत राहिला. एकदा सांगितले असते, तर काय बिघडले असते? कोणत्या सकाळी त्याने तिला बोटे चोळताना पाहिले? पायरीवर बसून किती वेळा अदमास घेतला? हे सारे तिला त्याच्याच तोंडून ऐकायचे होते, आणि ते आता कधीच ऐकायला मिळणार नव्हते.

मग ती उठली आणि नथूला हाक मारून आली.

"काल सरळ, आज वाकडा!" नथू कुरकुरला. "वहिनी, एक काय ते ठरवा." तरी त्याने खांब उपटला आणि पहारीने चाचपत जुना, मातीने बुजलेला खड्डा शोधून काढला. "हा दादाचा. मोजून चार हात."

सुभद्रा त्या खड्ड्यापाशी उभी राहिली. तिथून पायरीकडे बघत तिने अदमास घेतला. एवढ्याशा वाटेतून पायरीवर उन्हाचा एक पट्टा यायचा. एका माणसापुरता. त्याने स्वतःसाठी कधी वाट ठेवलीच नव्हती.

"इथे नको," ती म्हणाली. "आणखी दोन हात आत घे."

"आणखी? अहो, मांडव कसला तो, नुसती चिंधी दिसेल. लोक हसतील."

"हसू देत."

त्यानंतरच्या सकाळी तिने खुर्ची ओढत, टेकवत, दमत पायरीपाशी आणली. गुणाजीला बसवले, आणि त्याच्या पायाशी आपण बसली. दूर पोफळींच्या शेंड्यांवर सूर्य उगवला, आणि ऊन निघाले. सारवलेल्या अंगणावरून निघाले, ओल्या दंवावरून आले, पायरी चढले. तिच्या बोटांवर आले. एक पेर सुटले, दुसरे सुटले. मोकळ्या झालेल्या बोटांनी तिने त्याचा निर्जीव उजवा हात उचलला आणि आपल्या मांडीवर उन्हात ठेवला. ऊन त्या हातावर चढले, मनगटावर चढले, सावकाश, सावकाश, त्याच्या खांद्यापर्यंत चढत गेले.