महानंदाचं रीळ

शनिवारी सकाळी हणमंतनं कपाटातून बायकोचं, महानंदाचं, मासे धरायचं रीळ काढलं, हँडलला हात घातला, आणि हँडल फिरेना.

रात्री गारठा होता, ग्रीस आळलं असेल, असं म्हणून त्यानं ते थोडा वेळ खिडकीतल्या उन्हात धरलं. पुन्हा हात घातला. आतून कर्र असा आवाज आला, हँडल बोटभर सरकलं आणि अडकलं ते अडकलंच. रत्नागिरीची गाडी सोलापूरला लागायला दोन-तीन तास होते आणि ऋतुजा या रिळासाठीच येत होती.

ऋतुजा त्याची एकुलती एक मुलगी. रत्नागिरीत नोकरीला. आई गेली तेव्हा नात्यातल्या बायकांनी तिच्यापुढं आईच्या साड्या ठेवल्या, बोरमाळ ठेवली. तिनं कशालाच हात लावला नाही. "मला आईचं रीळ पाहिजे," एवढंच म्हणाली. "पण आत्ता नको, आत्ता बघवत नाही. वर्ष झालं की न्यायला येते."

उद्या वर्ष होत होतं. सकाळी दोघं उजनी धरणावर जाणार होते आणि महानंदा जिथं बसायची तिथं बसून ऋतुजा त्याच रिळानं गळ टाकणार होती. परवाच हणमंतनं फोनवर सांगितलं होतं, "एकदम तेलपाण्यात ठेवलंय. ये आणि फिरवून बघ."

महानंदाला गळाचा नाद लागला तो कुर्डुवाडीला असताना. हणमंत तिथं रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. सुटीच्या दिवशी दोघं स्कूटरवरून उजनीच्या फुगवट्याला जायची. आधी ती नुसती भाकरी घेऊन जायची. एकदा तो पाय मोकळे करायला उठला आणि तिनं गळ हातात धरला, तर तो परत येईपर्यंत तिनं मासा काठावर घेतलेला. "अवं, आता तुमी भाकरी धरा, गळ मी धरते," ती म्हणाली. पुढची वीस वर्षं तसंच चाललं. भावकीतल्या बायका हसायच्या. बाई असून मासं धरती, म्हणायच्या. महानंदा म्हणायची, "रांधायला बाई चालती, मग धरायला न्हाय व्हय?"

गेल्या वर्षी ती आठ दिवस ऋतुजाकडं रत्नागिरीला गेली. हणमंतची दाढ सुजली होती, म्हणून तो गेला नाही. तिथं खडकावर बसून तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात गळ टाकला. उन्हानं काळी होऊन आली, पण चेहऱ्यावर नुसता आनंद. रीळ जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. त्यानंतर अकराव्या दिवशी भाकरी थापता थापता खाली बसली आणि उठली नाही.

महिन्याभरानं हणमंतच्या हाताला ते फडकं लागलं. त्याच सुमारास मोबाईलवर एक व्हिडिओ त्याच्या पाहण्यात आला. समुद्रावर वापरलेलं रीळ धुतलं नाही तर मीठ त्याला आतून खातं, असं त्यात एक माणूस सांगत होता. हणमंत घाबरला. उजनीच्या पाण्यातून आलेलं रीळ महानंदानं कधी धुतलं नव्हतं. फडक्यानं पुसायची आणि ठेवून द्यायची. समुद्राचंही तसंच ठेवलं असणार. मग त्यानं दर रविवारी ते धुवायचं ठरवलं. मागच्या मोरीत बादली भरायची, तासभर रीळ बुडवून ठेवायचं, ब्रशनं घासायचं, आणि तसंच परत फडक्यात गुंडाळायचं. हँडल मात्र तो कधी फिरवायचा नाही, ते महानंदाचं काम. एक रविवार त्यानं चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा धुतलं.

शेजारचे अण्णाराव भिंतीवरून बघायचे. "काय हणमंतराव, झाला का अभिषेक?"

"मीठ काढतोय."

"अजून? वहिनींनी काय सगळा समुद्र भरून आणला होता का त्यात?"

हणमंत हसायचा. आठवड्यातलं तेवढंच एक हसणं असायचं.

आता त्यानं खोलीत पेपर अंथरला, हत्यारांची पिशवी आणली आणि रीळ खोलायला घेतलं. स्क्रू जाम झाले होते. तेलाचे थेंब सोडले, थांबला, हलक्या हातानं ठोकलं. शेवटचा स्क्रू निघाला, झाकण सुटलं, आणि त्यानं आत बघितलं.

ग्रीस राहिलंच नव्हतं. त्याच्या जागी तांबडा चिखल होता. बेअरिंगच्या गोळ्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. दांड्यावर बोटाला लागतील असे खड्डे पडले होते. आणि दातेरी चाकांच्या खाचाखाचांत पांढरा, कडक थर बसला होता.

वर्षभर मीठ काढूनही ही गत. त्याला एकदम महानंदाचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो आणि तो कुणावर काढता येत नाही, तसा. तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा, मंगळवेढा सोडलं. चहा टाकून ठेवा."

"तुझ्या आईनं रीळ तसंच आणून ठेवलं गं," तो बोलून गेला. "मिठानं खाल्लं सगळं. आल्या आल्या धुवायला काय झालं होतं तिला?"



"अप्पा, काय बोलताय? आईनं रोज धुतलं होतं."

"कुठं?"

"माझ्याकडं. खडकावरून आली की आधी ते, मग चहा. फिल्टरचं पाणी घ्यायची. पुढची ब्रेकची चक्री घट्ट आवळायची, आत पाणी जायला नको म्हणून. वरून नुसती हलकी धार. बुडवायचं नाही, असं किनाऱ्यावरच्या एका मासेवाल्यानं तिला बजावलं होतं. मग टिपून पंख्याखाली ठेवायची आणि वर शिलाई मशीनचं तेल. मला म्हणायची, तुझ्या अप्पांना दाखवते, त्यांना वाटतं मशीन तेवढं त्यांनाच कळतं."

हणमंतनं फोन कधी ठेवला ते त्याला कळलं नाही.

बुडवायचं नाही. तो तासभर बुडवत होता. पण तो पांढरा थर? त्यानं टोच्यानं त्यातला एक कपचा काढला आणि वाटीत पाणी घेऊन त्यात टाकला. बोटानं ढवळला. मीठ असतं तर विरघळलं असतं. कपचा तसाच तळाशी बसून राहिला. त्यानं जिभेला लावून बघितला. खारट नव्हता. चुन्यासारखा लागला.

आणि त्याला ओळख पटली. नोकरीला लागला तेव्हा वर्कशॉपात वाफेची छोटी इंजिनं येत होती. बॉयलरच्या नळ्यांतला असाच पांढरा खार छिन्नीनं फोडायचं काम नव्या फिटरला देत. दोन वर्षं त्यानं तेच केलं होतं. क्षारांचं जड पाणी लोखंडाचं काय करतं, हे त्याच्याइतकं त्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

तो उठून मोरीत गेला. बादलीच्या कडेला पांढरा थर. नळाच्या तोंडाला पांढरा थर. बोअरचा नळ.

जुळे सोलापुरात, त्याच्या भागात, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते प्यायला आणि स्वयंपाकाला. धुणं, भांडी, गाडी, फरशी, सगळं बोअरवर. पिण्याच्या पाण्यानं काही धुतलेलं हणमंतनं आपल्या घरात कधी बघितलं नव्हतं, त्याच्या हातून ते झालंही नसतं. व्हिडिओतला माणूस गोडं पाणी म्हणाला होता, आणि समुद्रापुढं बोअरचं पाणी हणमंतला गोडंच वाटलं. रीळ घेऊन पाय आपसूक मोरीकडं वळले. दर रविवारी. महानंदानं तेल घालून, कोरडं करून, चांगलं फिरतं रीळ कपाटात ठेवलं होतं. तिचं तेल त्यानं धुऊन काढलं होतं.

तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला.

रिक्षा दारात थांबली तेव्हाही तो तिथंच होता. ऋतुजा आत आली, तसा तो उठून खोलीत आला. पिशवी खांद्यावरच, आणि ती पेपरवरच्या त्या तुकड्यांकडं बघत राहिली. मग खाली बसली. गंजलेलं बेअरिंग उचललं.

"एवढं? अप्पा, एवढं कसं होईल?" तिचा आवाज बारीक झाला. "शेवटच्या दिवशी घाई होती. गाडी चुकेल म्हणून मीच आईला घाई केली. त्या दिवशी नीट वाळलं नसेल. माझ्यामुळंच झालं की काय?"

हणमंतला क्षणभर वाटलं, नुसतं गप्प बसलं तरी चालेल. समुद्रानं खाल्लं, विषय संपला. पोरगी दोन दिवस रडेल आणि विसरेल. पण ती विसरणार नव्हती, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आयुष्यभर घाई केली म्हणत बसली असती.

"तू न्हाय," तो म्हणाला. "तुझी आई पण न्हाय. मी केलं."

"तुम्ही काय केलं?"

"धुतलं. दर रविवारी. बुडवून. बोअरच्या पाण्यानं."

"बोअरच्या?"

"व्हय."

"अप्पा, तुम्ही फिटर ना?"

फोनवर तिच्या आईला उगाच बोललो, हे त्याला सांगायचं होतं, ते जमलं नाही. ऋतुजा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात रॉकेलची बाटली होती.

"बेअरिंगला लागेल ना?"

"लागंल."

दोघं पेपरच्या दोन बाजूंना बसले. त्यानं बेअरिंग रॉकेलमध्ये टाकलं. ती टोच्यानं दातेरी चाकांतला खार काढू लागली. एक दात मोडायला आला तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं, सोडलं, आणि हळू कसं टोचायचं ते दाखवलं. गळ टाकायला उद्या दुसरं रीळ अण्णारावांच्या ओळखीनं कुणाकडून तरी मागून आणता येईल, असं तो म्हणाला. ती टोच्या चालवत राहिली.

दुपारी त्यांनी सगळं परत जुळवलं. नवं ग्रीस भरलं, स्क्रू आवळले. हणमंतनं रीळ तिच्यापुढं धरलं. तिनं हँडल फिरवलं. कर्र झालं, अर्धा फेरा गेला आणि अडकलं.

हणमंतनं मान खाली घातली. "दांडाच गेलाय गं. आता याचं काही..."

"पुन्हा उघडा," ऋतुजा म्हणाली.

त्यानं पहिला स्क्रू सोडला.