पाव उलटा ठेवा

नुन्झिओच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्याला हाडापेक्षा शनिवारांचं वाईट वाटलं. सहा वर्षं तो आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त अटिलिओ, दर शनिवारी दक्षिण फिलाडेल्फिया पालथं घालत होते. कशासाठी, तर भाजलेल्या डुकराच्या मांसाचं शहरातलं सगळ्यात फक्कड सँडविच हुडकायला! लाडक्या दुकानाला टाळं लागल्यापासून दोघांची जीभ पोरकी झाली होती. नियम कडक: सँडविच एकच घ्यायचं, अर्धं अर्धं खायचं, आणि दोघांनी मान डोलावल्याशिवाय निकाल नाही. आता हसा तुम्ही, पण त्यांच्यासाठी ते चर्चला जाण्याइतकं पक्कं होतं.

नुन्झिओ तीन महिने रुग्णालयात पडून होता. अटिलिओ एकदाच आला, पाच मिनिटं टोपी कुरवाळत बसला आणि सटकला. फोन मात्र रोज करायचा.

"तुझ्याशिवाय एक घास खाल्ला असेल तर आईची शप्पत! तू चालायला लाग लेका, मग निघू."

या शपथेवर नुन्झिओ दातओठ खाऊन उभा राहायचा. व्यायाम घेणारी नर्स म्हणायची, "काका, आज बास." हा म्हणायचा, "बास कसलं? माझा माणूस उपाशी बसलाय तिकडे!" वेडाच होता.

घरी आल्यावर पहिल्याच शनिवारी तो काठी टेकत निघाला. नर्सने एक नवं दुकान सांगितलं होतं. तिथून सँडविच बांधून घ्यायचं आणि थेट अटिलिओच्या दारात उभं राहायचं, असा बेत. पायऱ्या चढताना घाम फुटला, तरी गडी आपला गालात हसत होता.

"एक रोस्ट पोर्क," तो गल्ल्यावरच्या बाईला म्हणाला. "पालेभाजी पिळून घाला, चीज जुनं, उग्र. आणि पाव उलटा ठेवा."

खालची पातळ बाजू रसाने फाटते, म्हणून जाड बाजू खाली. ही अक्कल या दोघांचीच. शहरात तिसरा कुणी असं मागत नसे.

बाईचा हात थांबला. "अय्या! तुम्ही अटिलिओकाकांचे कोण?"

"तुम्ही ओळखता त्याला?"

"न ओळखायला काय झालं? तीन महिन्यांत एक शनिवार चुकला नाही. म्हणतात, याच्या तोडीचं अख्ख्या शहरात नाही. अर्धं खातात, अर्धं कागदावर तसंच ठेवतात, मित्राचं म्हणून. फार जीव होता हो त्यांचा. वारला ना बिचारा, नुन्झिओ."

नुन्झिओने गल्ला घट्ट धरला. आईची शपथ! आणि आपण त्या शपथेवर उभे राहिलो. इतका राग त्याला जन्मात आला नव्हता.

दार उघडलं. अटिलिओ आत आला आणि उंबऱ्यातच खिळला.

"तू... तू चालतोस?"

"मेलेली माणसं बरी चालतात," नुन्झिओ म्हणाला. "बाई, मीच तो नुन्झिओ."

बाईने तोंडावर हात ठेवला. अटिलिओचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऐक ना. त्या दिवशी तुला तसा पाहिला आणि माझा धीरच खचला. वाटलं, आता हा उठत नाही. परत यायला पाय धजेना. इथे एकटा बसलो, तर या विचारायच्या, दुसरं अर्धं कुणाचं? काय सांगणार होतो?"

"खरं सांगायचंस! की तो आठ गल्ल्या पलीकडे पडलाय, माझी वाट बघतोय!"

"मग या म्हणाल्या असत्या, जा की भेटायला." अटिलिओ टोपी कुरवाळू लागला. "मेलेल्याकडे जा, असं कुणी सांगत नाही रे."

पाठ झालेलं वाक्य असावं तसं म्हणाला मेला! नुन्झिओने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बाईकडे वळला.

"बाई, कशाने गेलो म्हणे मी?"

बाई चाचरली. "झोपेत, म्हणाले. काही त्रास झाला नाही."

"खोटं आहे," नुन्झिओ म्हणाला. "तीन महिने लागले."