टॅरो फ्लॅटचा हॉल

टॅरो फ्लॅट गावात दुपारी दोनला मर्ल हॅस्केटनं आगीचा भोंगा वाजवला आणि गावच्या स्वयंसेवक दलाच्या बंबापाशी उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. टेकडीमागून धूर चढत होता. पूर्वी भोंगा ऐकला की संत्र्यांच्या बागा, गोठे टाकून वीस-वीस माणसं धावत यायची. आता बागांचे पाच-पाच एकरांचे तुकडे पडले होते, आणि त्यांवरच्या नव्या घरांतली माणसं दिवसभर शहरात कामाला.

आला एकटा साल्वूकाका. चौऱ्याहत्तर वर्षांचा, शर्टाला कोंबड्यांची पिसं चिकटलेली.

"बाकीचे?"

"अकरा जणांना फोन केले, काका. शेजारगावचे बंब दुसऱ्या आगीवर गेलेत."

"म्हणजे तू आणि हा म्हातारा. चल, बस."

तिठ्यावर मर्लनं बंब थांबवला. डावीकडे गावाचा हॉल. तिच्या आजोबांनी शेजाऱ्यांना घेऊन स्वतः लाकूड कापून बांधलेला. साल्वूचं लग्न तिथंच लागलं, युद्धावर गेलेल्यांची नावं तिथल्याच भिंतीवर. उजवीकडे केट ड्रमंडचं घर. भोंग्याचा त्रास होतो म्हणून याच केटनं नगरपालिकेत तक्रार केली होती. आता ती बागेचा पाइप घेऊन अंगणात उभी होती.

"निघाली का नाहीस?" मर्ल ओरडली.

"गाडी नवऱ्याकडे आहे. आत सासूबाई अंथरुणावर आहेत, मला उचलवत नाहीत."

आग दोन्हीकडच्या कुंपणांशी पोचली होती. म्हातारीला बाहेर काढायला वेळच उरला नव्हता.

"टाकीतलं पाणी एकाच जागेला पुरेल," साल्वू हळूच म्हणाला.

"कळतंय मला." तरी तिचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. मग तिनं बंब उजवीकडे वळवला.

तासभर दोघं भिंती भिजवत राहिली. घर वाचलं. पलीकडे हॉलचं छप्पर खाली बसलं, तेव्हा मर्लनं तिकडे पाहिलं नाही.

केटनं दोघांना पाणी आणून दिलं. "त्या हॉलमध्ये महत्त्वाचं काही होतं का?" तिनं विचारलं.

मर्लनं पाइप गुंडाळायला घेतला.

"शनिवारी नाच व्हायचे," साल्वू म्हणाला. बंबात चढायला त्यानं पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोचेना. पुन्हा उचलला. शेवटी तो तिथंच जमिनीवर बसला. "पुढच्या वेळी माझ्या भरवशावर राहू नकोस, पोरी."

मर्ल त्याच्या शेजारी राखेत बसली. पुढच्या वेळी कोणाला फोन करायचा, ते तिला सुचत नव्हतं.