चापट खाऊन गाणारा

आधीच माफी मागतो. माझ्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील आणि शब्दही साधेच असतील. मी एका जुन्या टॅक्सीतला स्टिरिओ बोलतोय. माझ्या कानावर जी भाषा पडली ती ड्रायव्हरांची आणि मागच्या सीटवरच्या माणसांची. शिवाय ज्याने माझं हे बोलणं कागदावर उतरवलं त्याचीही शाळा लवकर सुटली. तेव्हा सांभाळून घ्या.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते दुकान आणि त्याच्या काचेला नाक लावून उभा असलेला टॅक्सीवाला. तोच माझा मालक. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

बाबांनी मला स्वतःच्या हातांनी गाडीत बसवलं. वायर हाताला लागेल ती. थोडी जुन्या इस्त्रीची, थोडी दारावरच्या घंटेची. लाल कुठे नि काळी कुठे, याला काही ताळतंत्र नव्हतं. "वीज आंधळी असते, तिला रंग कळत नाहीत," असं म्हणत त्यांनी सांध्यांवर टेप गुंडाळली आणि डॅशबोर्ड बंद केला.

पुढे एक कॅसेट माझ्या घशात अडकली ती कायमचीच. त्यामुळे मला तेवढीच गाणी येत. बाबांची काही तक्रार नव्हती. माझ्याबरोबर तेही गात. सुरात नाही, पण अगदी गळा मोकळा सोडून. घरात मात्र त्यांनी कधी ओळही गुणगुणली नाही. त्यांचं गाणं गाडीपुरतं.

गाडी धुवायला दिली की तिथले लोक मला वाजवत बसत आणि बॅटरी उतरून जाई. यावर बाबांनी एक युक्ती केली. ड्रायव्हरच्या सीटखाली, दाराच्या बाजूला, एक छुपं बटण बसवलं. ते दाबल्याशिवाय माझ्यापर्यंत वीजच येत नसे.

इथपर्यंत ठीक होतं. पण बाबांना त्यातून खोडी सुचली. स्टँडवरचे सोबती गाडीत बसून माझी बटणं दाबून दाबून थकत. मग बाबा गुपचूप उजव्या हाताने सीटखालचं बटण दाबत आणि त्याच वेळी डाव्या हाताने डॅशबोर्डवर एक चापट मारत. मी गायला लागे. "जनावर आहे ते, मालकालाच ओळखतं," असं बाबा म्हणत आणि सोबती चाट पडत. हळूहळू सगळ्यांचा पक्का समज झाला की माझी आतली वायर सैल आहे आणि बाबांच्या चापटीनेच ती जागेवर येते. घरच्यांनाही त्यांनी खरं सांगितलं नाही. गंमत सांगून टाकली की संपते ना.

बाबांना एकच मुलगा. कमी बोलणारा, म्हणून स्टँडवर त्याचं नाव पडलं अबोल्या. शाळा त्याला मानवली नाही. तो एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग शिकला आणि त्यात त्याचा हात बसला.

मग एका सकाळी बाबांची उजवी बाजू गेली, आणि वाचाही. आई म्हणाली, "एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला बोलायचं नसतं. मी काय भिंतींशी बोलू?" ती हसली, पण दुसरं कुणी हसलं नाही.

बाबांना व्यायाम द्यायला एक बाई येत. त्यांनी एकदा सांगितलं की बोलणं गेलेल्या माणसाला कधीकधी गाणं जमतं. ओळखीचं गाणं लावा, एखादा शब्द सुटेल. अबोल्याने मोबाईलवर गाणी लावून पाहिली. बाबांनी मान फिरवली आणि खिडकीतून अंगणात उभ्या गाडीकडे बोट केलं.

तेव्हापासून तो रोज दुपारी बाबांना आणून ड्रायव्हरच्या सीटवर बसवू लागला. किल्ली फिरवायचा, डॅशबोर्डवर चापट मारायचा. मी गप्प. मग बाबांचा डावा हात स्वतःच्या मांडीवरून पलीकडे, दाराकडे सरके. सीटखालचं बटण उजव्या हाताचं, आणि तो हात तर निकामी. डावा काही तिथवर पोचत नसे. बाबा वाकत, धडपडत, घशातून आवाज काढत. अबोल्याला वाटे, त्यांना बाहेर यायचंय. तो लगबगीने दार उघडून त्यांना उचलून घेई. बाबा डोळे मिटून घेत. हे रोज चाले आणि मी रोज बघे. गाता येत नाही त्या स्टिरिओला सांगता तरी काय येणार?

अशात गाडीचे दिवस भरले. इतकी जुनी गाडी रस्त्यावर चालणार नाही, असं ठरलं आणि भंगारवाल्याचा ट्रक येण्याचा दिवस ठरला. आदल्या दिवशी अबोल्या कामावर गेलाच नाही. गाडी जायच्या आत बाबांना त्यांचं गाणं ऐकवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याने डॅशबोर्ड खोलला. तो सैल वायर शोधत होता. एकेक सांधा सोडवून, घासून, नव्याने जोडत गेला. फ्यूज बदलला. स्पीकरच्या वायरी हलवून पाहिल्या. माझ्यापर्यंत वीज येत नाही, हे त्याला कळलं. ती कुठे अडलीय, हे कळेना, कारण ती वायर गालिच्याखालून सीटकडे जात होती, आणि सीटवर बाबा बसले होते. त्यांना तिथून उठवायचं त्याच्या जिवावर आलं.

शेवटी त्याने ठरवलं, बॅटरीवरून थेट वायर घ्यायची. गॅरेजात इतकी वर्षं लाल म्हणजे बॅटरीची आणि काळी म्हणजे बॉडीची, गाडीच्या पत्र्याला जोडायची. एरवी तो टेस्टरचा दिवा लावून खात्री करतो. त्या दुपारी घाई होती. बाबांचा हात पुन्हा दाराकडे सरकायला लागला होता. त्याने माझ्या पाठीमागची लाल वायर बॅटरीला जोडली. ती घंटेची वायर होती, आणि बाबांनी ती बॉडीसाठी वापरली होती. वीज माझ्यात उलटी शिरली.

मला फार वेळ लागला नाही. थोडा धूर निघाला, जळका वास सुटला. बस.

अबोल्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. बाबांना उचलायलाही उठला नाही. त्यामुळे पहिल्यांदाच बाबांना पुरेसा वेळ मिळाला. ते कलले, आणखी कलले, खांदा दाराला टेकला आणि डावा हात सीटखाली पोचला. टक्. मग तोच हात त्यांनी सावकाश उचलला आणि डॅशबोर्डवर चापट मारली.

अबोल्याने वाकून पाहिलं. बटण. त्याच्यापासून निघालेली वायर. त्याला एका क्षणात सगळं समजलं. बाबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. पोराला अखेर गंमत कळली, या आनंदाचं. त्यांनी तोंड उघडलं आणि गाण्याची पहिली ओळ यायची वाट बघत तसेच थांबले.

आतून आईने विचारलं, "झालं का रे? वाजला?"

"नाही," तो म्हणाला. "मी जाळला."

मी एक यंत्र. मला उपदेश करायचा अधिकार नाही. पण तुमच्या घरात कुणाची वाचा गेली असेल, तर त्याला उचलण्याआधी त्याचा हात कुठे चाललाय ते एकदा बघा. माझी तेवढीच विनंती. इथे भंगारात माझ्यासारखे पुष्कळ पडलेत. आता आमच्या कुणाच्या दुरुस्तीची आशा नाही, आणि बाबांचा शब्द काही सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक लवकर आला. बाबा अजून झोपले होते. आई त्यांना उठवायला निघाली, तर अबोल्याने तिचा हात धरला. "नको उठवू," तो म्हणाला. "ते अजून वाट बघतायत." मग त्याने हँडब्रेक सोडला, आवाज होऊ नये म्हणून दार नुसतं लोटून घेतलं आणि मागून खांदा लावून गाडी एकट्याने फाटकाबाहेर ढकलत नेली.