नम्रताच्या घरी मुक्कामाला गेलेला सूक्ष्मदर्शक

पेणच्या कॉलेजातला सर्वांत जुना सूक्ष्मदर्शक म्हणजे मी, मित्रांनो. अंबाल्याच्या कारखान्यात जन्मलो आणि उमेदीची सारी वर्षं कांद्याचा पापुद्रा दाखवण्यात गेली. मुलं एक डोळा लावत, "दिसलं सर" म्हणत आणि पळत. निम्म्यांना काहीच दिसलेलं नसे, हे मला ठाऊक होतं.

नम्रता मात्र बघत बसायची. ती वडखळजवळच्या मिठागरवाल्यांची मुलगी. उन्हाळ्यात मिठागराचं पाणी तांबूस का होतं, हे तिला शोधायचं होतं. १९९९ साली मुंबईच्या एका संस्थेने तिला सुट्टीतल्या संशोधनासाठी निवडलं. तिच्या आईने, ठमाबाईंनी, नवी बॅगही आणली. आणि संस्थेने कळवलं, वसतिगृहाची दुरुस्ती निघाली आहे, यंदा कुणी येऊ नका. घरूनच काम करा. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचे फोटो ई-मेलने येतील, निरीक्षणं दर शनिवारी कॉम्प्युटरवरून पाठवा.

कॉम्प्युटर होता पेणच्या एका क्लासमध्ये. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या माधवराव सरांनी मला तिच्या हाती दिलं. म्हणाले, "फोटोत बघशील ते खऱ्या पाण्यातही बघ." एसटीत तिच्या मांडीवर बसून मी पहिल्यांदा कॉलेजबाहेर पडलो. तो आनंद काय सांगू!

पण मिठाचे दिवस होते. तेव्हा त्या गावात घरी असलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस. ती माझ्यापाशी बसली की तिचे बाबा म्हणत, "घरीच हायस ना गो? मग चल मिठावर. कॉम्प्युटर काय पळून जात नाय." रागाने नाही, मायेनेच म्हणत. ती उठायची. एक शनिवार हुकला, मग पुढचेही हुकत गेले. मुलीला रस दिसत नाही, असं कळवून संस्थेने तिचं नाव काढून टाकलं. त्या दिवशी तिने मला फडक्यात गुंडाळलं ते परत उघडलं नाही. मला रडता येत नाही, मित्रांनो. तेव्हा फार वाटलं की यावं.

पावसाळ्याच्या तोंडावर ठमाबाई मला परत द्यायला आल्या. सरांना म्हणाल्या, "मुंबईला गेली असती तं आमी कशाला बोलावली असती तिला? शिकायला गेलीय म्हणून गप बसलो असतो. समोर दिसायची, म्हणून हाक मारायचो." सरांनी मला कपाटात ठेवलं.

नम्रता आता रोह्याला सासरी आहे. मी कपाटात आहे, भिंगावर बुरशी चढली आहे. मला पुसा, असं मी म्हणणार नाही. घरात कुणी मान खाली घालून काही बघत बसलं असेल, तर हाक मारू नका. ते मुंबईला गेलेलं आहे, असं समजा.