पोत्यातल्या गोळ्या

"मॅडम, आज तोंड उघडू नका. हात जोडते," कप पुसता पुसता बानूबाई म्हणाल्या. "पाव्हणं ईटहून निघालेत."

डॉ. निकिता चटईवर अंग चोरून बसली. माफी मागायला म्हणून ती धाराशिवहून सोनारीला आली आणि नेमकी बानूबाईंच्या लेकीला, शिवांजलीला, पाहायला पाहुणे यायच्या वेळी टपकली.

क्षयरोग लपवणाऱ्या बायकांवरच्या तिच्या शोधनिबंधाचा संदर्भ चारशे संशोधकांनी दिला होता. पुरस्कारही मिळाला होता. निबंधात तिने स्वतःची हकिगत सांगणाऱ्या बानूबाईंचं नाव गाळलं, गाव गाळलं. पण 'भैरवाच्या देवळापुढची नारळवाली क्षयाच्या गोळ्या नारळाच्या पोत्यात लपवायची' हे वाक्य काही तिला गाळवलं नाही. पुढे सगळ्यांनी तेच तर उचललं! वाचणारे लांबचे, त्यांना काय कळणार, असं तिने धरलं होतं. मग पुरस्काराच्या बातमीत एका वर्तमानपत्राने ते वाक्य मराठीत छापलं. भैरवाच्या देवळापुढे वर्षानुवर्षं नारळ विकणारी बाई एकच, हे सोनारीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पाहुणे आले. मुलगा श्रीनाथ, त्याची आई आणि मामा बब्रुवान. शिवांजलीने चहाचे कप पुढे ठेवले. मामाने कपाला हातही लावला नाही.

"ह्या कोन?" त्याने विचारलं.

"दवाखान्यातल्या मॅडम," बानूबाई चाचरल्या.

"पेपरात आलेल्या त्याच की! मग तुमीच सांगा मॅडम, गोळ्या दडवनारी ती बाई हीच का?"

निकिताने विषय वळवून पाहिला. "औषध पूर्ण घेतलं की माणूस बरा होतो हो..."

"इचारलं तेवढं सांगा."

बानूबाई जीव मुठीत धरून तिच्याकडे बघत होत्या. एक 'नाही' म्हटलं की पोरीचं जमणार होतं, आणि त्या चारशे जणांना ते कधी कळणारही नव्हतं.

"नाही," निकिता म्हणाली. "ती बाई वेगळी..."

"मीच ती." बानूबाईंनी तिला मधेच तोडलं. "लोकं माझ्या हातचा नारळ घेनार न्हाईत म्हनून म्या गोळ्या दडवल्या. पर एक बी चुकवली न्हाय. बरी झाले. लेकीचा संसार खोट्यावर मांडायचा न्हाय मला."

श्रीनाथने कपाकडे हात नेला. मामाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हात मागे गेला.

"कळवतो," म्हणून मामा उठला. त्याचा अर्थ सगळ्यांनाच कळला.

गाडीचा आवाज गेला तशी निकिता रडायलाच लागली. "माझ्यामुळं झालं मावशी. त्या वाक्यापायी मी तुमचं घर उघड्यावर आणलं. मी ते काढायला लावते."

"आता काढून काय करता?" बानूबाई तिच्याशेजारी बसल्या. "लपायला पायजे व्हतं तवा लपलं न्हाय. चारशे लोकांनी तुमचं नाव घेतलं म्हनता. मग पुढच्या खेपेला माझं बी लिवा. बानूबाई, सोनारी. बरी झाली म्हनून लिवा."

निकिताला मान वर करवेना.

शिवांजलीने न शिवलेले कप उचलले, चहा पातेल्यात ओतला आणि पुन्हा गरम करून तिघींना आणला. बानूबाई दोन घोट पिऊन उठल्या आणि नारळाची टोपली डोक्यावर घेऊन देवळाकडे निघाल्या. आज रविवार, भैरवाचा वार; देवळापुढे गर्दी असणार होती.